लॅपटॉपचा दुसरा डोळा

“तेजू, ये बघ गं! परत मिटायला लागला.”

आईची हाक आली तेव्हा मी मागच्या दारात पायावर पाणी घेत होते. पुण्याच्या गाडीतून उतरून घरी आले होते, अजून चहासुद्धा झाला नव्हता. तशाच ओल्या पायांनी पुढच्या खोलीत धावले. आई टेबलापाशी हात पदरात गुंडाळून उभी होती आणि तिच्यासमोर माझा जुना लॅपटॉप, कंदिलाची वात कुणी खाली करत न्यावी तसा, मंद मंद होत चालला होता. बघता बघता पडद्यावरचा गणपती अंधारात जाऊन बसला.

“बघितलीस? मी हात पण लावलेला न्हाई,” आई म्हणाली.

“थांब, मी बघतो.”

खरं तर ‘बघते’ म्हणायला हवं. पण गडहिंग्लजच्या स्टँडवर पाय ठेवला की माझी जीभ आपोआप घरची होते. आमच्याकडे बायकाही ‘मी आलो, मी बसतो’ असंच म्हणतात. पुण्यात पहिल्या वर्षी माझी यावरून एवढी थट्टा झाली की तिथं मी ‘आले, बसते’ घोकून शिकले.

आणि ‘मिटायला लागला’ हा खास आईचा शब्द. तिच्या लेखी यंत्रं ही घरातली माणसंच. प्रिंटर रुसायचा, यूपीएस कोकलायचा, माऊसच्या अंगात यायचं. माझ्या नोकरीत मी दिवसभर फोनवर लोकांच्या कॉम्प्युटरच्या तक्रारी ऐकते आणि ‘नक्की काय होतंय ते सांगा’ म्हणून त्यांचा जीव खाते. पण इतकं नेमकं वर्णन मला आजवर दुसऱ्या कुणी केलेलं नाही. पडदा बिघडल्यासारखा लुकलुकत नव्हता, एकदम काळाही होत नव्हता. झोप आलेल्या पोरासारखा तो सावकाश मिटत होता.

आमच्या घराची पुढची खोली म्हणजे दुकान. ‘तेजश्री ग्राफिक्स’. माझ्या जन्मानंतर माझ्या वडिलांनी, आण्णांनी ते सुरू केलं, म्हणून माझं नाव. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फलक, निवडणुकीची पत्रकं, दशक्रियेची कार्डं, सगळं तिथं व्हायचं. नक्षी आणि रंग आण्णांचे, मजकूर टाइप करायचं काम आईचं. आईचा हात इतका चालायचा की गिऱ्हाईक बोलत असतानाच मजकूर तयार. त्या वर्षी आषाढात आण्णा गेले. सकाळी दुकानाचं शटर वर केलं आणि तिथंच खाली बसले. त्यांच्यामागोमाग त्यांचा तो जुना, खोक्याएवढा कॉम्प्युटरही बंद पडला. मी नुकताच नवा लॅपटॉप घेतला होता, म्हणून गणपतीत येताना माझा जुना आईला आणून दिला. दसऱ्यापर्यंत तो झकास चालला. ऐन दसऱ्यात हे मिटण्याचं दुखणं सुरू झालं.

फोनवरून मी सगळे उपाय करून पाहिले होते. बंद कर, परत चालू कर. उजेडाचं बटण दाब. ते दाबलं की पडदा लख्ख व्हायचा, आईचा आवाजही लख्ख व्हायचा, आणि मी फोन ठेवायच्या आत परत, “मिटला गं बाई.”

पण मी नुसती लॅपटॉपसाठी आले नव्हते. आईला पुण्याला न्यायला आले होते. मी मोठं घर बघून ठेवलं होतं. दुकानात काही राहिलं नव्हतं. आण्णा गेल्यापासून आईकडे एकही लग्नपत्रिका आली नव्हती. अर्ज यायचे, बायोडाटा यायचे, दशक्रियेची कार्डं तर हमखास यायची. पत्रिका घेऊन मात्र लोक दुकानावरून पुढं जायचे, जाताना आईला नमस्कार करून जायचे. कुणी कधी तोंडानं बोललं नाही. पण विधवा बाईच्या हातची लग्नपत्रिका नको, हे न बोलताही आम्हाला ऐकू येत होतं.

असं असताना दसऱ्याच्या आधी तोडकर काका आले. आण्णांचे दोस्त, दूध संस्थेत सचिव, रोज चारचा चहा आमच्याकडे. त्यांनी आपल्या लेकीच्या, मधुराच्या लग्नाचा मजकूर टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “वैनी, पत्रिका तुमच्याकडंच हुणार. आण्णा असते तर दुसरीकडं गेलो असतो काय मी?”

त्या संध्याकाळी आईचा फोन आला होता. तिचा तसा आवाज मी आण्णा गेल्यापासून ऐकला नव्हता.

“तेजू, ही एक पत्रिका मला करू दे. नीट झाली तर मी दुकान चालवतो, मला पुण्याला न्यायचं नाव काढायचं न्हाई. न्हाई झाली तर तू म्हणशील तिथं येतो, गुमान येतो. ठरलं?”

“ठरलं,” मी म्हणाले होते. 

तर अशी ती पत्रिका, आणि असा तो लॅपटॉप.

चहाचा कप बाजूला ठेवून मी कामाला लागले. बॅटरी काढून घातली. थेट वायरवर चालवून पाहिला. पडद्याचा ड्रायव्हर उडवून परत टाकला. बॅटरी वाचवायला पडदा मंद करणाऱ्या सगळ्या खुणा शोधून शोधून काढून टाकल्या. दर वेळी तो एक मिनिट डोळे टक्क उघडे ठेवायचा, मला वाटायचं जिंकले, आणि मग पापण्या जड झाल्यासारखा परत खाली. मी मनातल्या मनात त्याला असं काही बोलले, जे मी कंपनीत कुणाला बोलले असते तर नोकरी गेली असती.

तेवढ्यात शेजारून सुशीला आत्या आली. आण्णांची थोरली बहीण. आण्णांना तिनं कडेवर खेळवलेलं, त्यामुळं ते गेल्याचं दुःख आपल्यालाच सगळ्यात जास्त कळतं असं तिचं मत होतं, आणि त्यात फार चूक होती असंही नाही.

“दुरुस्त झालं का गं?” आत्यानं उंबऱ्यातूनच विचारलं.

“होईल की आत्या. किरकोळ असणार.”

“किरकोळ कसलं? वर्ष सरायच्या आत शुभकार्याला हात लावू नये म्हणून मी कवाधरनं सांगतो. ऐकतंय कोण? दसऱ्याचं तोरण सुदीक बांधलं न्हाई आपण दारावर, आणि हिला लग्नाची पत्रिका करायची हाय.”

मी आईकडं पाहिलं. एरवी आत्याला दोन शब्द ऐकवल्याशिवाय न सोडणारी आई स्वतःच्या उजव्या हाताच्या बोटाकडं बघत होती. मला वाटलं, सुई टोचली असेल.

आत्या गेली आणि तोडकर काका आले. त्यांच्या हातात आदल्या दिवशी आईनं काढून दिलेला पत्रिकेचा नमुना होता. काका फार भला माणूस. वाईट बोलायची वेळ आली की त्यांना खोकला येतो. ते बसले, खोकले, पाणी प्याले, परत खोकले.

“काका, बोला की,” मी म्हणाले.

“तेजा, मजकुराला तोड न्हाई बघ. एक काना-मात्रा चुकलेली न्हाई. पण ह्यो रंग…” त्यांनी नमुना टेबलावर सरकवला. “मधुरा म्हणती, मी कुंकवासारखा लाल सांगितला हुता, ही तर बडीशेपेची गोळी झाली.”

खरंच झाली होती. लाल म्हणून जे होतं ते फिक्कट गुलाबी, सोनेरी नक्षी पिवळी पांढुरकी, आणि गणपतीचा चेहरा पावडर लावल्यागत.

आई खुर्चीतून उठून उभी राहिली. “भावजी, पडद्यावर बरोबर दिसत हुतं. आईशप्पत.”

“माझं काय न्हाई वैनी. पण पाव्हण्यांकडची मंडळी जरा… आधीच दोन शब्द झालेत, पत्रिका कुठं करालाय म्हणून. उद्या सकाळी कोल्हापूरच्या प्रेसला गेली पायजे. सांजच्याला येतो मी. झालं तर झालं, न्हाईतर…” पुढचं त्यांना बोलवेना. खोकत खोकतच ते चप्पल घालून गेले.

रंगाचं कोडं मला लगेच सुटलं. पडदा अंधारा असला की माणूस रंग उजळत जातो. पडद्यावर बरोबर दिसेपर्यंत उजळतो, आणि कागदावर सगळं फिकं येतं. म्हणजे आईचा रंग चुकला नव्हता, पडदा खोटं बोलत होता. पण पडदा का खोटं बोलत होता, ते काही सापडेना. मी सांगून पाहिलं की अंदाजानं गडद कर. आईनं केलं. नमुना काढला. आता लाल रंग वांग्याच्या जवळ गेला. आईनं कागदाची घडी करून ती कचऱ्यात टाकली.

जेवताना ती म्हणाली, “ऱ्हाऊ दे तेजू. यंत्राचा दोष न्हाई त्यो.”

“मग कुणाचा?”

आईनं भाकरीचा तुकडा ताटात फिरवला. “माझ्या डोळ्याचा असंल.”

मी तिला ताटावरून उठवलं, भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभी केली आणि खालची बारीक अक्षरं वाच म्हणाले. तिनं एकादशी, संकष्टी, राहूकाळ, कॅलेंडर देणाऱ्या पतसंस्थेचा पत्ता आणि छापखान्याचं नाव, सगळं घडाघडा वाचलं. वर म्हणाली, “पत्त्यातला ऱ्हस्व चुकवलाय बघ मेल्यांनी.”

“डोळ्याला काय झालेलं न्हाई तुझ्या,” मी म्हणाले.

“मग जाऊ दे. काय कारण असायचं ते असू दे. मी येतो तुझ्यासंगं. ठरलं होतं न्हवं आपलं?”

मी ज्याच्यासाठी आले होते ते झालं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. पण आई उठली, हात धुऊन दुकानात गेली आणि टेबलाचा खण रिकामा करायला लागली, तेव्हा मला आनंद झाला नाही. आण्णांची स्टीलची पट्टी, कागद कापायचं पातं, निळा खोडरबर, टोक करून ठेवलेली पेन्सिल. एकेक वस्तू ती पदराला पुसत होती आणि एका डब्यात ठेवत होती. पुसताना चेहऱ्यावर काही नव्हतं. कपाळही मोकळं. तिथं पूर्वी रुपयाएवढं कुंकू असायचं. आण्णा गेल्यापासून मी तिच्याशी बोलताना तिच्या हनुवटीकडं बघायची सवय लावून घेतली होती.

कोपऱ्यात आण्णांचा तो जुना मॉनिटर पडला होता. त्याच्या डोक्यावर खंडेनवमीच्या हळदी-कुंकवाचे इतक्या वर्षांचे डाग साठले होते की मूळचा रंग कुठला ते कळू नये. दर वर्षी आण्णा त्या दिवशी अंघोळ करून, दुकानातलं झाडून सगळं सामान पाटावर मांडायचे. कात्री, पातं, स्टेपलर, कॉम्प्युटर. मी लहानपणी त्यांना विचारलं होतं, स्टेपलरला कशाला कुंकू? ते म्हणाले, “राबतंय की ते.”

“ह्योपण भंगारात दे जाताना,” आई मॉनिटरकडं बोट करून म्हणाली, आणि लगेच तोंड फिरवलं.

मला रडू येईल असं वाटलं म्हणून मी लॅपटॉपसमोर जाऊन बसले. काही करायचं म्हणून नाही. नुसती बसले.

आमच्या पुढच्या खोलीच्या कौलांत एक काचेचं कौल आहे. दुपार कलली की त्यातून उन्हाचा एक पट्टा खाली येतो आणि टेबलावरून हळूहळू सरकत जातो. आण्णा त्या पट्ट्याला शिव्या घालत मॉनिटर इकडचा तिकडं करायचे. त्या दिवशी तो पट्टा सरकत आला आणि लॅपटॉपच्या वरच्या काठावर चढला. आणि लॅपटॉपनं डोळे उघडले.

म्हणजे अगदी लख्ख नाही. पण गणपती अंधारातून पुढं आला. मी कशालाही हात लावलेला नव्हता.

मी हात पुढं करून ऊन अडवलं. मिटला. हात काढला. उघडला.

आता माझ्यातली फोनवरची बाई जागी झाली. मी लॅपटॉप उचलून सावलीत आणला, मोबाईलचा टॉर्च लावला आणि पडद्याच्या काळ्या चौकटीवरून फिरवायला लागले. खाली काही नाही. डावीकडं काही नाही. वर मधोमध कॅमेरा होता, तिथंही काही नाही. कॅमेऱ्याच्या शेजारी, नखभर अंतरावर टॉर्च गेला आणि पडदा उजळला. वाकून बघितलं तर तिथं सुईच्या टोकाएवढं एक भोक. हा लॅपटॉप मी पुण्यात किती वर्षं वापरला, पण तिथं काही आहे हे मला माहीत नव्हतं. खोलीत उजेड किती आहे ते बघून पडदा कमी-जास्त करणारा तो सेन्सर होता. विंडोजमधली त्याची खूण मी काढून टाकली होती, पण लॅपटॉपच्या कंपनीनं आपलंच एक वेगळं सॉफ्टवेअर आत घालून ठेवलेलं, ते मला पत्ता न लागू देता परत चालू करत होतं.

पण भोक बुजलं होतं. मी कापूस ओला करून, टाचणीच्या टोकाला गुंडाळून हलकेच फिरवला. काळ्या चौकटीवर काही दिसत नव्हतं, पण कापूस लाल झाला. परत फिरवला. लालाखाली पिवळं निघालं.

पडदा इतका लख्ख झाला की मला डोळे बारीक करावे लागले.

मी कापूस हातात धरून तशीच बसले. हळद आणि वर कुंकू. या वर्षी आपल्या घरात सण नव्हता. तोरण नव्हतं. पाट मांडला नव्हता, निदान मला तसंच सांगितलेलं होतं. मागं आवाज झाला म्हणून वळले, तर आई डबा पोटाशी धरून उभी होती आणि माझ्या हातातल्या कापसाकडं बघत होती.

“सापडलं म्हण की,” ती म्हणाली.

“आई, हे…”

“मीच लावलं होतं.” ती खुर्चीवर बसली. डबा मांडीवरच राहिला. “तोडकर भावजी पत्रिका देऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. हे दर साली करायचे. मला वाटलं, नव्या हत्याराला तसंच कोरडं ठेवून पहिलीच पत्रिका कशी करायची? सण न्हाई केला मी. नैवेद्य न्हाई, काय न्हाई. दार लावून घेतलं, बोट ओलं केलं आणि नुसतं एक बोट लावलं त्याच्या कपाळाला. तेवढ्यात वन्सं आल्या, म्हणून पदरानं पुसून टाकलं.”

“मग मला सांगितली का न्हाईस?”

“काय सांगू?” आईचा आवाज एकदम बारीक झाला. “त्याच सांजपासनं मिटायला लागला त्यो. मला कळलंच की. असल्या हातानं कुंकू लावलं, देवाला काय ते आवडलं न्हाई. तू फोनवर ही कळ दाब, ती कळ दाब म्हणत होतीस, मी दाबत होतो. पण मला ठाऊक होतं कशानं झालंय ते. आणि आता तुलाबी दिसलंच. कुंकवानंच झालं न्हवं?”

कुंकवानंच झालं होतं. तीच तर पंचाईत होती. मी आयुष्यात हजारो लोकांना त्यांच्या बिघाडाचं कारण सांगितलं असेल, पण खरं कारण सांगायची एवढी भीती मला कधी वाटली नव्हती. खोटं बोलावं का? धूळ होती म्हणावं? कापूस तर तिनं पाहिला होता. आणि खोटं बोलून तिला पुण्याला नेलं असतं, तर ती तिथंही जन्मभर स्वतःच्या बोटाकडं बघत बसली असती.

“इकडं ये,” मी म्हणाले. “हिथं बस. बोट दे तुझं.”

“कशाला?”

“दे तर.”

मी तिचं बोट धरलं आणि त्या भोकावर टेकवलं. पडदा सावकाश मिटला. आईनं चटका बसल्यासारखं बोट ओढून घेतलं. पडदा उघडला.

“बघितलीस? बघितलीस?” ती म्हणाली. “माझ्याच हातानं…”

“आता माझं बघ.” मी माझं बोट ठेवलं. पडदा मिटला. काढलं, उघडला. आई माझ्या तोंडाकडं बघायला लागली. मग मी तिच्या मांडीवरच्या डब्यातला आण्णांचा निळा खोडरबर काढला आणि भोकावर धरला. पडदा अगदी त्याच चालीनं, तेवढाच, मिटत गेला.

“आण्णांनी झाकला तरी मिटतोय, आई.”

तिनं खोडरबर माझ्या हातातून घेतला. स्वतः धरून बघितला. काढला. परत धरला. खेळणं सापडल्यासारखं तिनं ते कितीतरी वेळा केलं. 

“ह्याला दोन डोळे हायत,” मी सांगितलं. “ह्यो मोठा, त्यो कॅमेरा. आणि शेजारी ह्यो बारका. तू मोठा डोळा चुकवून कुंकू लावलीस न्हवं?”

“मग? डोळ्यात कुंकू जाऊ नये म्हणून जरा बाजूला लावलं.”

“ते नेमकं बारक्या डोळ्यात गेलं. त्याला वाटलं खोलीत अंधार झाला. अंधारात पडद्याचा लख्ख उजेड एकदम डोळ्यावर आला तर समोरच्या माणसाला त्रास होतो. म्हणून त्यो आपला उजेड कमी करत होता.”

आईनं पडद्याकडं बघत विचारलं, “म्हंजे मला त्रास नको म्हणून मिटत होता?”

“हां.”

“आणि मी त्याच्याच नावानं…” ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. पदर तोंडाला लावून ती रडली. आण्णा गेले तेव्हा घरात इतकी माणसं होती की तिला धड रडताही आलं नव्हतं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. तोंड पुसून ती उठली आणि म्हणाली, “सर बाजूला. लाल रंग बघू दे मला.”

पत्रिका करायला तिला फार वेळ लागला नाही. नमुना प्रिंटरमधून बाहेर आला तेव्हा आम्ही दोघी त्याच्यावर वाकून उभ्या होतो. लाल म्हणजे लाल. मधुरानं मागितला होता तस्सा. आईनं तो कागद उजेडात धरला, तिरका धरला, आण्णा बघायचे तसा एक डोळा मिटून बघितला.

मग मी आत गेले आणि देव्हाऱ्यातला हळदी-कुंकवाचा करंडा घेऊन आले.

“हे कशाला?” आई मागं सरकली.

“पत्रिकेच्या कोपऱ्याला लावायला नको? पहिली पत्रिका हाय. आणि ह्याचं कपाळ पण पुसून काढलंय मी. परत लाव. ह्या वेळी पाठीवर लाव, झाकणाच्या. तिकडं डोळा न्हाई.”

“वन्सं बघतील.”

“बघू देत.”

ती थोडा वेळ करंड्याकडं बघत राहिली. मग तिनं बोट ओलं केलं. पत्रिकेच्या कोपऱ्याला हळद लावली, कुंकू लावलं. लॅपटॉपच्या झाकणावर मधोमध हळदीचं बोट आणि त्यावर कुंकवाचं. कोपऱ्यातल्या जुन्या मॉनिटरलाही लावलं. बोटाला उरलं होतं थोडं. बायकांच्या हाताला एक सवय असते. देवाला, तुळशीला, गाईला लावून बोटावर उरलेलं कुंकू त्या न बघता स्वतःच्या कपाळाला पुसतात. आईचा हात त्या सवयीनं वर गेला, आणि कपाळाच्या बोटभर अलीकडं थांबला.

तो तिथंच थांबून राहिला. खालीही येईना.

मी तिचं मनगट धरलं. जोर केला नाही, नुसतं धरलं. “राबतीयस की तू पण,” मी म्हणाले.

बोट पुढं कुणी नेलं, तिनं की मी, ते मला आजही सांगता येणार नाही. पण कुंकू लागलं. बारीकसं, थोडं वाकडं. कितीतरी दिवसांनी मी माझ्या आईकडं सरळ बघितलं.

सांजच्याला तोडकर काका आले. नमुना घेतला, बघितला. मग आईकडं बघितलं, आणि परत नमुन्याकडं. ते एकदाही खोकले नाहीत.

“झ्याक जमलाय लाल,” ते म्हणाले.

मी दुसऱ्या दिवशी एकटीच पुण्याला परत गेले.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मधुराची मुलगी शाळेत जाते, तिच्या वाढदिवसाचं कार्ड आईच करते. आई रोज कुंकू लावायला लागली असं मात्र नाही. ते तिला जमलं नाही, मीही आग्रह केला नाही. खंडेनवमीला लावते, दुकानातल्या सगळ्यांना लावून झाल्यावर उरलेलं. सुशीला आत्या पहिल्या वर्षी उंबऱ्यात उभी राहून नुसती बघत होती. दुसऱ्या वर्षी तिनं काही न बोलता स्वतःचा मोबाईल पाटावर आणून ठेवला.

तो लॅपटॉप कधीच गेला. त्याच्यानंतर आणखी दोन झाले. यंदाचा नवा मी दसऱ्याच्या आधी कुरिअरनं पाठवला, आणि खंडेनवमीला सकाळी सकाळी आईचा फोन आला. मी ऑफिसच्या गडबडीत होते. पलीकडं करंड्याचं झाकण वाजलेलं मला ऐकू आलं.

“तेजू, ह्याचा दुसरा डोळा कुठं हाय तेवढं सांग,” ती म्हणाली. “कपाळ माझं मी बघतो.”